वेरूळ, देवगिरी, मकबरा आणि तेर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शाळांच्या सहली आणि हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ऐतिहासिक स्थळांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसराविषयी आहेत. ज्यांची उत्तरे इतर वाचकांनाही उपयोगी पडतील, असे प्रश्न निवडून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांची दोन दिवसांची सहल छत्रपती संभाजीनगरला न्यायची आहे. आम्हाला मिळालेल्या आराखड्यात पहिल्या दिवशी वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, भद्रा मारुती, बीबी का मकबरा व पाणचक्की आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा व पैठण अशी स्थळे आहेत. हे जमण्यासारखे आहे काय? — एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

बसला जमेल, मुलांना जमणार नाही. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर ईशान्येला, तर पैठण सुमारे पन्नास किलोमीटरवर दक्षिणेला आहे. म्हणजे आपला दुसरा दिवस जवळजवळ सगळा खिडकीतून बाहेर पाहण्यात जाईल आणि अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत चित्रांपुढे डोळे स्थिरावण्याआधीच शिट्टी वाजेल. ही दोन्ही ठिकाणे या सहलीतून काढून टाकावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अजिंठ्यासाठी स्वतंत्र दिवस हवा आणि पैठणविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहेच.

उरलेली स्थळे रस्त्याच्या सोयीने नव्हे, तर शक्य तितकी काळाच्या क्रमाने दाखवावीत, कारण मुलांच्या मनात राष्ट्रकूट, यादव, बहमनी, निजामशाही आणि मोगल यांची जी सरमिसळ होते, ती पुष्कळदा सहलीच्या क्रमामुळेच झालेली असते. सुदैवाने येथे रस्ता आणि काळ यांचा मेळ बराचसा जमतो. पहिल्या दिवशी सकाळी थेट वेरूळ गाठावे. मंगळवारी वेरूळची लेणी आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, हे तारीख ठरवण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. चौतीसही लेणी दाखवण्याचा आग्रह धरू नये. बौद्ध लेण्यांपैकी दहावे, हिंदू लेण्यांपैकी सोळावे म्हणजे कैलास आणि जैन लेण्यांपैकी बत्तिसावे, ही तीन नीट पाहिली तरी सकाळ सत्कारणी लागते. दहाव्या लेण्यात मुलांना छताकडे पाहायला सांगावे. तेथे दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या दिसतात आणि त्यांचा छताला आधार म्हणून काहीही उपयोग नाही. लाकडी इमारतींची सवय असलेल्या कारागिरांनी ती ओळख दगडातही जपली, हे त्या फासळ्यांवरून मुलांना स्वतःहून ताडता येते. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले असून ते वरून खाली कोरत आणलेले आहे. येथे मुलांना एकच प्रश्न विचारावा, की चुकून एखाद्या हत्तीची सोंड तुटली असती तर कारागिरांनी काय केले असते?

दुपारनंतर वेरूळ गावातील भोसल्यांची गढी पाहून खुलताबादला यावे. मलिक अंबर आणि औरंगजेब या दोघांच्याही कबरी खुलताबादला आहेत. १६१० साली खडकी नावाचे शहर वसवणारा निजामशाहीचा वजीर आणि १६५३ साली दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आल्यानंतर त्याच शहराला स्वतःचे नाव देणारा मोगल शहजादा, असे हे दोघे आयुष्यभर एकाच प्रदेशासाठी झटणाऱ्या दोन सत्तांचे प्रतिनिधी होते. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा त्याने पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. वेरूळच्या गढीतून निघून अर्ध्या तासात मलिक अंबरच्या कबरीजवळ पोहोचलेल्या मुलांना हा संबंध सांगितला, तर पाठ्यपुस्तकातील दोन वेगवेगळे धडे त्यांच्यासाठी एकत्र येतात. औरंगजेबाची कबर त्याच्याच इच्छेनुसार अगदी साधी, उघड्या आकाशाखाली आहे. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. दर्ग्यांच्या आवारात पादत्राणे काढणे, डोके झाकणे आणि आवाज खाली ठेवणे याची सूचना मुलांना बसमध्येच द्यावी. भद्रा मारुतीचे दर्शन येताजाता होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी दौलताबाद आणि दुपारी शहरातील भडकल दरवाजा, मकबरा व पाणचक्की, असा क्रम ठेवावा. पंधरा वर्षांखालील मुलांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेशशुल्क लागत नाही; तरी शाळेचे पत्र आणि मुलांची ओळखपत्रे बरोबर असू द्यावीत.

प्रश्न : माझे वय अडुसष्ट असून गुडघ्यांचा त्रास आहे. दौलताबादचा किल्ला अर्धवट पाहण्यात काही अर्थ आहे का, की मुलांना वर पाठवून मी खाली उपाहारगृहात बसावे? — एक निवृत्त कर्मचारी, लातूर

उपाहारगृहात मुळीच बसू नये. या किल्ल्याचा जो भाग समजून घेण्यासारखा आहे, त्यातील निम्म्याहून अधिक भाग सपाटीवर किंवा थोड्याशा पायऱ्यांवर आहे. माथ्यावरून दिसणारा देखावा सुंदर आहे, हे खरे. पण किल्ला अजिंक्य का मानला गेला, याचे उत्तर माथ्यावर नसून खालच्या दरवाजांत आणि खंदकात आहे.

प्रवेशद्वारातून आत जाताना घाई करू नये. दरवाजे एका रेषेत नाहीत, ते मुद्दाम वळणावर ठेवलेले आहेत, म्हणजे धडक देण्यासाठी हत्तीला धाव घेता येऊ नये. शिवाय दारांच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. पुढे सरस्वती विहीर, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर लागते. या मंदिराची वास्तू चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीद म्हणून उभी राहिली, तिच्यासाठी जुन्या मंदिरांचे खांब वापरले गेले आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. एवढ्या एका वास्तूच्या आवारात सावलीला बसून यादवांपासून १९४८ पर्यंतचा मराठवाडा समजावून घेता येतो. समोरचा चांद मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला १६८७ नंतर औरंगजेबाने ज्या चिनी महालात कैदेत ठेवले, त्याच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांचे अवशेष अजूनही दिसतात.

आपण खंदकावरच्या पुलापर्यंत जावे आणि तेथे थांबावे. डोंगराचा कडा सर्व बाजूंनी तासून सरळ उभा केलेला आहे, हे तेथून उत्तम दिसते. त्यापुढे अंधारी, म्हणजे वळणे घेत चढणारा काळोखा बोगदा आहे, आणि तेथून खरी दमछाक सुरू होते. अंधारीच्या वरच्या तोंडाशी आगटी पेटवून धूर आत सोडण्याची सोय होती, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती जागा नेमकी पाहून येतील.

एवढी तजवीज असूनही हा किल्ला हातचा गेला, तो बहुतेक वेळा भिंत फुटल्यामुळे नव्हे. १२९६ साली अलाउद्दीन खलजी चालून आला, तेव्हा रामदेवराव यादवाने किल्ल्यात घेतलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, वेढ्यात धान्य हेच निर्णायक ठरते, हे १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाच्या वेढ्यातही दिसले आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला किल्ला सोडावा लागला.

प्रश्न : बीबी का मकबरा ही ताजमहालाची स्वस्त नक्कल आहे, असे सगळेच म्हणतात. आग्र्याला जाऊन आलेल्या माणसाने तो पाहावा का? — एक वाचक, नांदेड

अवश्य पाहावा, पण ताजमहाल घरी ठेवून पाहावा.

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचे हे स्मारक आहे. मृत्यूनंतर तिला राबिया-उद्-दौरानी म्हटले गेले. मुलगा आझमशाह याच्या नावाशी बांधकामाचे श्रेय जोडले जाते. अनेक माहितीपुस्तिकांत बांधकामाचा काळ १६५१ ते १६६१ असा छापलेला आढळतो. बेगमेचा मृत्यू १६५७ सालचा आहे, त्यामुळे तिचे स्मारक त्याच्या सहा वर्षे आधी सुरू झाले असे मानता येत नाही. पुस्तिका छापणाऱ्यांनी एकमेकांचे पाहून छापले, की काय होते याचा हा चांगला नमुना आहे. मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुविशारद अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. म्हणजे साम्य कुठून आले, हे वेगळे सांगायला नको.

खर्चाचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त या वास्तूवर सुमारे ६ लाख ६८ हजार रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. ताजमहालाचा खर्च कोटींत मोजला जातो. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर वाहून आणणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत पाहिल्याचे लिहिले आहे. उत्तरेच्या खाणींतून हा दगड दख्खनपर्यंत बैलगाड्यांनी आणायचा, तर तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही, याचा निर्णय करावाच लागतो, आणि हा निर्णय मकबऱ्याच्या भिंतीवर आपल्याला वाचता येतो. खालचा पट्टा संगमरवराचा आहे. त्याच्या वर आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण असून त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा चढवला आहे. घुमटाला पुन्हा संगमरवर वापरला आहे. संगमरवराचा पट्टा जेथे संपतो ती रेषा शोधून तेथून वर नजर न्यावी. गिलाव्यात कोरलेल्या वेली आणि फुले इतकी नाजूक आहेत, की दगडाची उणीव भरून काढण्यासाठी नव्हे, तर चुन्यात काय करता येते ते दाखवण्यासाठीच ती केली असावीत, असे वाटते. आम्हाला स्वतःला येथील संगमरवरापेक्षा गिलावाच अधिक आवडतो.

आत गेल्यावर कबर डोळ्यांसमोर नसून खालच्या पातळीवर आहे आणि ती वरच्या सज्जातून पाहायची आहे, ही योजनाही वेगळी आहे. कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी पाहताना कठड्यावरून वाकलेल्या गर्दीने आपला धीर सुटण्याची शक्यता असते, म्हणून सकाळी दार उघडताच जावे. मकबऱ्याच्या मागे डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत आणि तेथे फारसे कोणी जात नाही. सातव्या लेण्याच्या दाराशी संकटांत सापडलेल्या माणसांना तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आणि गाभाऱ्यात वाद्यवृंदासह नृत्य करणारी स्त्री आहे. वेरूळला तासन् तास घालवणाऱ्यांनी ही लेणी का टाळावीत, हे आम्हाला कधीच कळलेले नाही.

प्रश्न : पाणचक्कीत एक हौद आणि काही मासे यांखेरीज पाहण्यासारखे काय आहे? — एक विद्यार्थी, बीड

आपण हौदाच्या वर उभे होता. हौदाच्या खालीही जायला हवे होते. या हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे. वर पाण्याचा भार आणि खाली यात्रेकरूंना उतरण्याची जागा, अशी ही रचना असून उन्हाळ्यात त्या दालनात गेल्यावर पाण्याने छत गार ठेवण्याची युक्ती अंगाला जाणवते.

हे ठिकाण मुळात सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. अठराव्या शतकात येथे डोंगरातील झऱ्यांचे पाणी खापरी नळांतून कित्येक किलोमीटर अंतरावरून आणले गेले. पंप नव्हते, वीज नव्हती. पाणी आपली पातळी शोधते एवढ्या एकाच नियमावर ते खाली उतरून पुन्हा उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि तेथून हौदात कोसळते. वाटेत जागोजागी विटांचे उभे मनोरे आहेत. नळातील हवेचा आणि दाबाचा निचरा त्यांतून होत असे. या पाण्याच्या जोरावर खाली पाती फिरत आणि त्यांच्याबरोबर जाते फिरून दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई.

त्याच्याही शंभर वर्षे आधी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधून खडकीला पाणी पुरवले होते. ज्या खडकाळ पठारावर मोठी नदी नाही, तेथे राजधानी वसवण्याचा निर्णय भूमिगत नहरींवाचून व्यवहार्य ठरला नसता, म्हणून आमच्या मते शहराचा इतिहास दरवाजांपेक्षा या नहरींत अधिक आहे. पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत पाण्याचा जोर चांगला असतो. मे महिन्यात गेलात, तर आपले पत्र खरे ठरेल.

प्रश्न : मार्गदर्शकाने आम्हाला शहरातून दौलताबादपर्यंत जाणारे भुयार आणि बावन्न दरवाजे यांविषयी सांगितले. यात किती खरे? — एक वाचक, हिंगोली

‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही ओळख लोकांच्या तोंडी आहे आणि तिच्यात लहानमोठ्या खिडक्या-दिंड्याही मोजल्या जातात. आज उभे असलेले दरवाजे त्याहून पुष्कळ कमी आहेत. भडकल दरवाजा मलिक अंबरच्या काळातला, १६१२ सालचा आहे. दिल्ली, पैठण, मकाई हे दरवाजे औरंगजेबाच्या तटबंदीचे असून त्यांची नावे त्या त्या दिशेच्या वाटेवरून पडलेली आहेत. भुयाराला कोणताही पुरावा नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक किल्ल्याला असे एक भुयार असतेच. मार्गदर्शकाची गोष्ट ऐकावी, तिचा आनंद घ्यावा आणि त्याला “हे कुठे दिसते, ते दाखवा” एवढेच विचारावे; जाणकार मार्गदर्शक या प्रश्नाने खुलतो.

प्रश्न : संग्रहालयात गेलो की दहा मिनिटांत मुले कंटाळतात. शहरातील कोणते संग्रहालय पाहावे आणि कसे? — एक पालक, जालना

मुले कंटाळतात, कारण आपण त्यांना पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत चालवतो. मोठेही कंटाळतात, फक्त ते बोलत नाहीत.

महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रे, चिलखते, जुनी पैठणी आणि औरंगजेबाच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी कुराणाची प्रत आहे. मुलांना तेथे केवळ चिलखताच्या दालनात न्यावे. घातल्यावर कुठला सांधा हलेल, खाली पडलेला माणूस उठू शकेल का, घोड्यावर चढताना काय होईल, अशी चर्चा सुरू झाली की अर्धा तास सहज जातो. पैठणीपुढे मात्र आजीला उभे करावे. पदर आणि काठ यांविषयी फलकापेक्षा अधिक माहिती तिच्याकडून मिळते.

सोनेरी महालातील शासकीय संग्रहालय शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेला सरदाराने हा महाल बांधला. आतील चित्रांत एके काळी सोन्याचा वापर होता, त्यावरून हे नाव पडले. येथे वास्तू आणि संग्रह दोन्ही पाहण्याजोगे असून गर्दी जवळजवळ नसते. सरकारी संग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद ठेवतात, त्यामुळे तो वार टाळावा.

प्रश्न : आपले सदर काय किंवा पर्यटनाच्या जाहिराती काय, मराठवाडा म्हणजे एकच शहर अशी समजूत दिसते. इतर जिल्ह्यांत काहीच नाही काय? — एक वाचक, धाराशिव

तक्रार रास्त आहे, आणि ती करणाऱ्याच्याच जिल्ह्यात या प्रदेशातील सर्वांत विलक्षण संग्रहालयांपैकी एक आहे, हेही खरे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनमधील दोन बाजारपेठांची नावे येतात : पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून कापड बंदरावर येते, असे तो लिहितो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय हे गावातल्याच एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभे आहे. शेतात नांगरताना, पांढरीची म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची माती खणताना ज्या वस्तू वर येत, त्या लामतुरे यांनी जपल्या. मातीच्या व केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची पदके तेथे सापडली आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही तेरला मिळाली असून इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक ७९ सालचा. म्हणजे आपल्या तेरणाकाठच्या मूर्तीच्या जातकुळीतली एक मूर्ती त्या राखेखाली पुरली गेली होती.

संग्रहालय पाहून झाल्यावर त्रिविक्रमाचे मंदिर पाहावे. विटांची, मागील बाजूला अर्धवर्तुळाकार असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासकांचे मत आहे आणि अशा उभ्या वास्तू भारतात मोजक्याच उरल्या आहेत. संत गोरोबाकाकांचे हे गाव असल्यामुळे त्यांच्या मंदिरात भाविकांची ये-जा सतत असते. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी त्रिविक्रमाकडे आणि संग्रहालयाकडे वाट वळवली, तरी तेथील सेवकांना उत्साह येईल.

ज्यांना दोन दिवस काढता येतील, त्यांनी पैठण आणि तेर जोडून करावे, कारण सातवाहन काळातील या दोन पेठा एकमेकींवाचून समजत नाहीत. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहावर उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. संत एकनाथांच्या वाड्याला जाणाऱ्यांनी तेथे तासभर द्यावा. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर किल्लेदार होते, त्यामुळे दौलताबाद पाहून आलेल्यांना ही वाट परकी वाटणार नाही. धाराशिवहून निघणाऱ्यांनी मात्र एका दिवसात तेर आणि नळदुर्ग असे दोन्ही ठेवू नयेत. ही ठिकाणे शहराच्या दोन वेगवेगळ्या दिशांना आहेत, आणि नळदुर्गचा पाणीमहाल बोरी नदी भरून वाहत असतानाच पाहावा, म्हणून त्याच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमधला एखादा रविवार राखून ठेवावा.